जादूगाराची प्रतिनिधी

सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात आम्ही दर रविवारी दुपारी खेळायला बसत असू. दवाखाना आमच्यापैकीच एकाचा होता. रविवारी तो बंद असे, तशी पाटी दारावर होती, आणि तरीही कोणीतरी गाल धरून आत डोकावत असे. डॉक्टर जागेवरून न उठता विचारत, "पाटी वाचता येते ना?" गाल धरलेला माणूस मान हलवी. "मग दात सोमवारी दुखवायचा." एवढं बोलून ते उठत, आतल्या खोलीत नेऊन त्याला गोळी देत आणि परत येऊन विचारत, "मी कुठे होतो? भिंतीवरच ना अजून?" खेळात ते चोर होते.

हा खेळ पटावरचा नव्हे. एकजण गोष्ट सांगतो: तुम्ही कुठे आलात, समोर काय आहे, कोण अंगावर धावून येतंय. बाकीचे प्रत्येकी त्या गोष्टीतलं एक पात्र होतात आणि आपण काय करणार ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे आकड्यावर ठरतं; मोठा आला तर जमलं. त्यासाठी वीस बाजूंचा फासा लागतो. तो तेव्हा पुण्यात मिळत नव्हता, म्हणून हाऊझीच्या संचातले एक ते वीस आकडे आम्ही कापडी पिशवीत घातले होते. गोष्ट सांगणारे एका तंत्रनिकेतनात शिकवत. त्यांना सगळे सर म्हणत, कारण राक्षस समोर उभा असतानाही त्यांचा सूर वर्गातला असे. "पुढे दोन वाटा आहेत. घाई नाही. विचार करून उत्तर द्या."

मी एका दैनिकात उपसंपादक होतो आणि खेळात योद्धा. चौथा भिडू हडपसरपुढच्या मांजरी गावचा. वडील उसाच्या संस्थेत नोकरीला, घरची थोडी जमीन, आणि हा घरातला पहिला अभियंता. एका संगणक कंपनीत तो प्रोग्राम लिहायचा. तो आमचा जादूगार.

जादूचे नियम आम्हाला स्वतःच करावे लागले. मूळ पुस्तक अमेरिकेतून कोणीतरी आणलेलं. आमच्यापर्यंत आली ती झेरॉक्सची झेरॉक्स. ज्याने पहिली प्रत काढली त्याने जादूचं प्रकरण सर्वांत जाड म्हणून गाळलं होतं. तलवारीने किती इजा होते, घोडा दिवसात किती चालतो, दोरी किती वजन पेलते, हे सगळं छापील होतं. जादू कशी होते याबद्दल एक शब्द नव्हता. सरांनी आणि जादूगाराने मिळून ती पोकळी भरली आणि शब्दांकनाचं काम माझ्याकडे आलं.

मी ते बातमी लिहितात तसं केलं. जादू करण्याआधी काय घडायला हवं ते एका वाक्यात सांगायचं. वाक्य पूर्ण झालं की शब्द मागे घेता येणार नाही. जादू केल्यावर जादूगाराने जेवून झोपल्याशिवाय दुसरी जादू नाही. मेलेला परत येत नाही. आणि प्रत्येक जादूगाराला आयुष्यात एक महामंत्र. तो कशालाही थोपवू शकतो. मात्र त्यानंतर जादूगाराची सगळी विद्या संपते आणि तो तुमच्याआमच्यासारखा माणूस होतो. कागद डॉक्टरांनी औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. "बाहेरून लावला तर पेशंट पाळायला लागतील," ते म्हणाले.

आमच्या जादूगाराने महामंत्र जपून ठेवला होता. कशासाठी, ते तो सांगत नसे. "वेळ आली की कळेल," एवढंच. चोर भिंतीवरून पडला, योद्ध्याला विंचू चावला, तरी तो मंत्र बाहेर निघाला नाही. आम्ही त्याला चिक्कू म्हणत असू.

त्या वर्षांत पुण्यातून माणसं अमेरिकेला जात होती ती अशी, की एकाच्या निरोपाचे पेढे संपायच्या आत दुसऱ्याचा निरोप येई. जादूगाराचीही पाळी आली. कंपनी सहा महिन्यांसाठी पाठवत होती. जाण्याआधीच्या रविवारी त्याने विचारलं, "माझ्या माणसाचं काय करणार? मारू नका."

"जादूगाराशिवाय पुढच्या किल्ल्यात जाता येणार नाही," सर म्हणाले.

"मग माझ्या बहिणीला बसवा. हुशार आहे. आणि रविवारी तिला काही काम नसतं."

यातलं शेवटचं वाक्य खरं नव्हतं. ती हडपसरला एका संगणक क्लासमध्ये शिकवायची आणि रविवारी सकाळी तिच्या दोन तुकड्या असत. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मी कागदावर आणखी तीन वाक्यं घातली. मूळ खेळाडू गैरहजर असताना त्याचा प्रतिनिधी खेळेल. महामंत्राला मूळ खेळाडूची संमती लागेल. मूळ खेळाडू आल्यावर प्रतिनिधी उठेल. कचेरीत ज्याला स्वच्छ मजकूर म्हणत, तसा तो मजकूर होता.

पुढच्या रविवारी ती आली. मांजरीहून हडपसर, तिथून दुसऱ्या बसने स्वारगेट, आणि तिथून चालत. आम्ही तिला कपाटाचं दार उघडून दाखवलं. तिने कागद उभ्याने वाचला.

"म्हणजे दादा आला की मी उठायचं."

"हो," मी म्हणालो.

"बरं. तोपर्यंत कुठं बसू?"

पहिले काही रविवार ती भावाने सांगून ठेवल्याप्रमाणे खेळली. त्याचा जादूगार मागे उभा राहून गंभीर आवाजात बोलायचा आणि वेळ पडली की आग फेकायचा. मग हळूहळू तिचा जादूगार वेगळं वागू लागला. नव्या गावात शिरलं की आम्ही शस्त्रं आणि खजिना विचारायचो, ती विचारायची, "हितं पाणी कुठून येतं?" सरांनी त्या राज्याचा नकाशा काढताना डोंगर, किल्ले, स्मशानं सगळं काढलं होतं. पाणी काढलं नव्हतं. तिच्यामुळे त्यांना आठवडाभर बसून विहिरी खणाव्या लागल्या.

"तुमचा जादूगार आहे की ग्रामसेवक?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर, ग्रामसेवकाला बघून लोक दार तरी उघडतात. तुमचा चोर आला की दोन कड्या लावतात."

डॉक्टर खूश झाले. त्यांना उलट उत्तर देणारं माणूस आवडे. त्या दिवसापासून ते तिला 'जादूगारबाई' म्हणू लागले आणि खेळाबाहेरही 'अहो' घालून बोलू लागले.

सहा महिन्यांचं वर्ष झालं आणि वर्ष उलटलं. भावाची मुदत वाढे तेव्हा ती येऊन सांगे, "दादाचं पुढं गेलं," आणि आकड्यांची पिशवी हलवायला घेई. त्या वाक्यात घरच्या काळजीइतकीच दुसरी एक गोष्ट असे, आणि ती आम्हा सगळ्यांना ऐकू येई. भाऊ येईल तेव्हा तिची जागा जाणार होती. तिला ती जागा हवी होती. एकदा तिने सरांना विचारलंही, निघता निघता, चप्पल घालत असताना.

"सर, दादा आल्यावर मला एखादं बारकंसं पात्र नाही का मिळणार? नोकर, हमाल, काहीही."

"बघू," सर म्हणाले. "टीपॉय लहान आहे. पाचजण झाले तर कागद मांडायला जागा राहत नाही."

डॉक्टर हात धूत होते. मी माझ्या योद्ध्याच्या नोंदींचा कागद घडी करत होतो. टीपॉय पाचजणांना पुरला असता.

पुढे मिठाच्या खाणीचा प्रसंग आला. जमिनीखाली खोल गेलेली खाण, एका मेलेल्या राजाची. आम्ही आत शिरलो, हवं ते मिळवलं आणि परतताना वरच्या तलावाचा बांध फुटला. एक लोखंडी दार होतं. ते कोणीतरी धरून ठेवल्याखेरीज बाकीच्यांना बाहेर पडता येणार नव्हतं. योद्ध्याने धरलं. चोर आणि जादूगार वर पोचले आणि दार माझ्यावर बंद झालं.

सरांनी शांतपणे पाणी चढवायला सुरुवात केली. गुडघा, कंबर, छाती. दर वेळी मी पिशवीत हात घालून आकडा काढत होतो आणि दर वेळी तो लहान निघत होता. या योद्ध्याबरोबर मी तोवर बरीच वर्षं काढली होती. हे हसण्यासारखं आहे हे मला माहीत आहे. कचेरीत रोज खऱ्या मृत्यूंच्या बातम्या दोन ओळींत बसवणारा माणूस दवाखान्याच्या बाकावर घामाघूम झाला होता.

"आता गळ्याशी," सर म्हणाले. "शेवटचा आकडा काढा."

"थांबा," ती म्हणाली. "मी काहीतरी करते."

"जादूगार वर आहे. दाराच्या पलीकडे."

"असू द्या वर. पाणी वरनंच येतंय ना?" आणि मग तिने नियमाप्रमाणे एका वाक्यात सांगितलं, पण ते वाक्य आम्ही तोवर ऐकलेल्या कुठल्याही मंत्रासारखं नव्हतं. "मी वरचं दारं मोडते आन् सगळं पाणी दुसऱ्या वाफ्यात घालते."

दारं म्हणजे पाटाचं तोंड, हे आम्हाला माहीत नव्हतं. तिने हातानेच टीपॉयवर समजावलं. उसाला पाणी देताना एक सरी भरली की फावड्याने तिचं तोंड बुजवायचं आणि शेजारच्या सरीचं उघडायचं. पाणी थांबवायचं नाही. ते थांबत नाही. त्याला दुसरी वाट द्यायची.

सरांनी बराच विचार केला. "कल्पना चांगली आहे. पण आख्ख्या तलावाचं पाणी साध्या मंत्रात बसणार नाही. याला महामंत्र लागेल."

कपाट डॉक्टरांच्या मागेच होतं. दार बंद होतं, पण आतल्या कागदावर काय लिहिलंय ते चौघांनाही पाठ होतं.

"भावाला विचारायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच घड्याळाकडे बघून, "तिकडे आत्ता पहाट असेल."

"उठवून विचारू?" ती म्हणाली. "दादा, हे बुडतायत, तुझी विद्या देऊ का? तो म्हणेल, सविस्तर मेल कर." आम्ही हसलो. मग ती हसायची थांबली. "तो आला, की उठायचंच आहे मला. आज तर मी हितं बसलीय ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. शब्दांकन माझं होतं. मी काही म्हणालो नाही. बुडणारा मीच होतो, आणि माझं तोंड त्या क्षणी पाण्याखाली आहे अशी सबब मला नंतर सुचली. सर म्हणाले, "ठीक आहे. आकडा काढा." तिने सतरा काढला.

पाणी उतरलं. दार उघडलं. योद्धा बाहेर आला तेव्हा जादूगार खाणीच्या तोंडाशी बसला होता आणि त्याला काडी पेटवण्याइतकीही जादू येत नव्हती.

दर सोमवारी मी सायबर कॅफेतून भावाला आदल्या दिवसाचा वृत्तांत पाठवत असे. तो तिकडे एका तळघरातल्या खोलीत राहत होता आणि आठवड्याभरात आपल्याला येणारा हा एकच मराठी मजकूर, असं त्याने एकदा लिहिलं होतं. या वेळी ती म्हणाली, "त्याला कळवू नका. आला की मी समोर बसून सांगेन." मी लिहिलं, योद्धा वाचला. त्याचं उत्तर आलं, कसा? मी लिहिलं, पाणी ओसरलं. दोन्ही वाक्यं खरी होती. खरी वाक्यं कशी लावावीत हाच माझा धंदा होता, आणि तेवढ्यापुरतं मला ते कौशल्य नकोसं झालं.

त्यानंतरचे रविवार सर्वांत चांगले गेले. विद्या नसलेला जादूगार ती असा खेळली, की आम्ही तिघे तिच्या मागे चालू लागलो. आमच्या योद्ध्याची तलवार जिथे चालत नव्हती तिथे ती गावकऱ्यांशी बोलून वाट काढायची. एका राणीकडून तिने काही न देता गलबत मिळवलं. मी प्रत्येक रविवारी त्या योद्ध्याचा कागद उघडून बसायचो आणि तो जिवंत आहे याची मला लाज वाटायची. खेळ चांगला चालला की जास्त.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ तीन आठवड्यांच्या रजेवर आला. घरच्यांनी त्याच्यासाठी मुली बघून ठेवल्या होत्या. त्यातून एक रविवार त्याने आमच्यासाठी काढला. तो बहिणीबरोबरच आला. पाठीवरच्या पिशवीतून त्याने दोन गोष्टी काढल्या: खरा वीस बाजूंचा फासा आणि मूळ पुस्तक. जाड पुठ्ठ्याचं, रंगीत, जादूच्या प्रकरणासह.

ती बाकावर टेकली नव्हती. आम्ही चौघे बसल्यावर तिने उभ्यानेच सांगितलं. पहिल्यापासून, काही न वगळता. खाण, पाणी, दार, मंत्र.

भाऊ आधी हसला. "कुणावर वापरला? ह्याच्यावर? अगं, हा दर पावसाळ्यात मरायला टेकतो!" मग त्याचं हसू उतरलं. "आणि तू एकदाही बोलली नाहीस. तूही नाही," तो मला म्हणाला. "पाणी ओसरलं म्हणे."

"मीच नको म्हटलं होतं त्यांना," ती म्हणाली.

त्याने पुस्तक उघडलं आणि चाळून एक पान काढलं. "पण काळजीचं कारण नाही. हे बघा. पाणी हटवायचा मंत्र पुस्तकात आहे. मोठा जादूगार तो रोज करू शकतो. झोपून उठला की परत तयार. विद्याबिद्या काही जात नाही. ते आपलं घरगुती होतं."

"ज्या नियमांनी सुरुवात केली त्याच नियमांनी खेळायचं," सर म्हणाले. त्यांना ते पुस्तक आवडलं नव्हतं. "मधेच परीक्षेचा पॅटर्न बदलत नाहीत."

"बरं, मग आपला नियम काय म्हणतो?"

सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टरांनी कपाट उघडलं. वाचायची गरज नव्हती.

या क्षणासाठी मी कित्येक आठवडे तयारी केली होती. नियम माझ्याविरुद्ध जातो हे मला माहीत होतं आणि तेच मला हवं होतं. मी सांगितलं, की महामंत्राला मूळ खेळाडूची संमती लागते. ती घेतली नव्हती. सबब मंत्र झालाच नाही. जादूगाराची विद्या शाबूत आहे आणि योद्धा खाणीत बुडून मेला. मी माझ्या योद्ध्याचा कागद भावापुढे सरकवला. मला हलकं वाटलं. भरपाई केल्यासारखं वाटलं.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. "स्वतःच्या मृत्यूची बातमी स्वतःच दिली. दोन ओळी झाल्या का?"

ती माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे मी केलं ते पुस्तकातबी नाही आन् नियमातबी नाही," ती म्हणाली. "आन् नंतरचं? गलबत? ते सगळं?"

सर म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या, योद्धा नसेल तर त्यापुढचा भाग..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

योद्ध्याचा हिशेब करताना मी फक्त योद्धा मोजला होता. तो वाचला तो दिवस मी रद्द केला आणि त्याबरोबर ती ज्यात स्वतःच्या मनाने खेळली होती तो सगळा काळ रद्द झाला. नियमाचा अर्थ मी चुकीचा सांगितला नव्हता. आजही कोणी विचारलं तर तोच सांगेन. त्यामुळेच त्यावर दुरुस्ती छापता येत नाही.

"बस ना तू पण," भाऊ म्हणाला. "बघ नुसती."

"नियम आहे," ती म्हणाली. तिने पर्स घेतली, डॉक्टरांना "येते" म्हणाली आणि गेली. डॉक्टर दारापर्यंत गेले आणि तिथेच थोडा वेळ उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला बोलता येत नव्हतं. आज कसं आलं?"

खेळ तासभर चालला असेल. भावाला झोपेने घेरलं होतं. शरीर अजून तिकडच्या घड्याळावर होतं. पाळी आली की तो दचकून फासा टाके. मग "पाच मिनिटं पडतो" म्हणून आत गेला आणि दात काढायच्या खुर्चीत गाढ झोपला. सरांनी नकाशा गुंडाळला. पुढच्या रविवारी मुलगी बघायचा कार्यक्रम होता, त्याच्या पुढच्या रविवारी त्याचं विमान. महामंत्र कशासाठी राखून ठेवला होता ते त्याने कधी सांगितलं नाही आणि नंतर खेळ झालाच नाही. मंत्र अजून शिल्लक आहे.

काही रविवार आम्ही तिघे सवयीने जमलो. चहा घेतला, महापालिकेला शिव्या दिल्या. शेवटी सर म्हणाले, "तिला बोलवायला हवं. प्रतिनिधी लागतोच आहे." डॉक्टर म्हणाले, "हा शब्द फोनवर वापरू नका." फोन मी करायचा असं ठरलं. मी रविवारीच केला, दवाखान्यातून. वडिलांनी उचलला.

"ती न्हाय घरात. खेळाया गेलीय."

"खेळायला? आमच्याकडे तर आली नाही..."

"तुमच्याकडं कशाला यील? हपिसातली पोरं हायती, तिथं जमत्यात. काय राक्षसाबिक्षसाचं हाय म्हणं. तुमी कोण?"

मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "हां, पेपरवाले. सांगतो," आणि ठेवला.

तिने दुसऱ्या दिवशी कचेरीत फोन केला. क्लास सोडून ती खराडीकडच्या एका कंपनीत लागली होती. तिथल्या मुलामुलींना तिने खेळ शिकवला होता. गोष्ट तीच सांगत होती. भावाचं पुस्तक तिने मागून घेतलं नव्हतं. मी जादूचे नियम काय ठेवलेत ते विचारलं.

"झाली की झाली," ती म्हणाली. "मागं जाऊन बघत नाही. आणि कुणी कुणाच्या जागी बसत नाही. जो आला नाही त्याचा माणूस त्या दिवशी तापाने पडलाय असं समजतो. पडेना का."

"चांगलं आहे."

"तुम्ही कशासाठी फोन केला होता?"

बोलवण्यासाठी केला होता. ते आता बोलणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "मला बसता येईल का तुमच्यात? अगदी पहिल्या पायरीपासून. हमाल, नोकर, काहीही." तोंडातून निघाल्यावर कळलं की हे शब्द तिचे आहेत. तिलाही कळलं असावं. पलीकडे कोणीतरी तिला इंग्रजीतून काही विचारत होतं आणि ती "वन मिनिट" म्हणाली.

"तुम्ही आलात ना," ती मग म्हणाली, "तर पोरं अडली की तुम्हाला विचारणार. नियम काय म्हणतो म्हणून. तुम्ही बरोबरच सांगणार. मग मी काय करू?"

ती रागाने बोलत नव्हती. नव्या रोपाला कुठलं पाणी सोसणार नाही ते सांगावं, तशी बोलत होती. मी म्हणालो, "खरं आहे."

"राग नका मानू हं," ती म्हणाली. "खरंच सॉरी."

"छे छे," मी म्हणालो. "राग कसला."

म्हणजे शेवटी माफीही तिनेच मागितली. आणि मी ती दिली.